जनुक-नियामक प्रथिने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. त्यातले कोणते जनुक केव्हा आणि किती वाचले जावे, हे जनुक-नियामक प्रथिने डीएनएला बिलगून ठरवतात. मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग कसा बळावतो, हे मात्र सहसा उत्परिवर्तनांच्या साखळीने सांगितले जाते. फिअरन आणि व्होगेलस्टीन यांनी १९९० मध्ये मांडलेली ती साखळी आजही ग्राह्य आहे. पण नीट पाहिले तर तिच्या बहुतेक कड्या नियमनाच्याच आहेत. पी५३ आणि एसमॅड४ ही स्वतः नियामक प्रथिने. एपीसी या जनुकाचे काम बीटा-कॅटेनिन या प्रथिनाची वेळच्या वेळी विल्हेवाट लावणे. सुमारे ८० टक्के गाठींत एपीसी बिघडलेले असते. मग साठलेले बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरते, टीसीएफ४ या नियामकाशी जोडी जमवते आणि ‘मिक’सारखी वाढीची जनुके सुरूच ठेवते. आतड्याच्या अस्तरातल्या खोलगट ग्रंथींच्या तळाशी जन्मलेली पेशी एरवी वर सरकत चार-पाच दिवसांत पक्व होऊन गळून पडते. आता ती पक्वच होत नाही, विभागत राहते.

यावर आक्षेप येतो की मूळ दोष जनुकातला, प्रथिने केवळ त्याचे निरोपे. हा आक्षेप सूक्ष्मदर्शकाखाली टिकत नाही. एकाच गाठीतल्या सर्व पेशींत एपीसीचा दोष सारखाच असतो. तरीही बीटा-कॅटेनिनसाठी रंगवलेल्या काचपट्टीवर शेजारच्या ऊतीत घुसणाऱ्या कडेच्या पेशींची केंद्रके गडद तपकिरी दिसतात आणि गाठीच्या मध्यातली पुष्कळदा फिकी. दोष तोच, वागणूक वेगळी. उंदरांवरच्या २०१५ च्या प्रयोगाने तर शंकेला फारशी जागा ठेवली नाही: साखळीतलेच केरास हे जनुक आणि पी५३ बिघडलेलेच ठेवून केवळ एपीसी पुन्हा सुरू केले, तेव्हा गाठीतल्या पेशी पक्व होऊ लागल्या आणि गाठी ओसरल्या. नियमनाची घडी पूर्ववत बसू शकते, ही या रोगातली सर्वांत आशादायक गोष्ट मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियामक प्रथिनांच्या पृष्ठभागावर औषधाला रुतायला खाच सहसा सापडत नाही, आणि निरोगी अस्तराचे रोजचे नूतनीकरणही त्यांच्यावरच चालते. म्हणून नियामकाऐवजी, बिघडलेल्या नियमनामुळे वाढणाऱ्या प्रथिनावर नेम धरावा लागतो. पनवेल तालुक्यात खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे; तिथल्या सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने हाच मार्ग धरला. पेशींना एकमेकींशी जखडणारे प्लॅकोफिलिन-३ घटले की लिपोकॅलिन-२ वाढते, असे तिथे दिसले. लिपोकॅलिन-२ स्वतः नियामक नाही. ते पेशीबाहेर स्रवते आणि लोहाच्या वाहतुकीत भाग घेते. २०२१ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ते वाढले की पेशीतले लोह घटते, लोहामुळे येणारा पेशीमृत्यू टळतो आणि ‘फाइव्ह-एफयू’ हे या रोगातले नेहमीचे औषध निष्प्रभ ठरू लागते. लिपोकॅलिन-२ विरुद्धचे प्रतिपिंड दिल्यावर औषधाला न जुमानणाऱ्या गाठीही आकसल्या. हे निष्कर्ष संवर्धित पेशी आणि उंदरांवरचे आहेत, रुग्णांवरचे नव्हेत. तरी रोखण्याजोगी जागा नेमकी कोणती, हे त्यांनी दाखवले. आणि पेशीबाहेर मिळणारे प्रथिन असल्याने प्रतिपिंड तिथवर पोचू शकते, केंद्रकातल्या बीटा-कॅटेनिनपर्यंत ते पोचत नाही.