स्मरणरंजन हा पुरावा असतो का? स्पीडवेच्या जुन्या चाहत्यांकडून शिकण्यासारखं

खेळ, सिनेमा, नाटक, कुस्ती अशा विषयांवर संशोधन करायचं ठरवलं की एक अडचण हमखास येते. कागदपत्रं कमी असतात आणि आठवणी भरपूर. ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो, "आमच्या वेळची मजाच वेगळी होती." मग प्रश्न पडतो, हे प्रबंधात घ्यायचं की स्मरणरंजन म्हणून सोडून द्यायचं? माझं मत असं की सोडायचं नाही, पण ते नक्की कशाचा पुरावा आहे हे आधी ठरवायचं. हे कसं करायचं ते ब्रिटनमधल्या मोटरसायकल स्पीडवेच्या उदाहरणावरून बघू, कारण आठवणी जपण्यात या खेळाच्या चाहत्यांचा हात धरणारे फार थोडे आहेत.

आधी खेळ समजून घेऊ. मातीचा लंबगोल ट्रॅक, एका शर्यतीत चार रायडर आणि चार चक्कर. ५०० सीसीची गाडी, एकच गिअर, इंधन मिथेनॉल आणि ब्रेक नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीवर टेकवत गाडी वळवायची. शर्यत साधारण एका मिनिटात संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. आपल्याकडे हा खेळ रुजला नाही, पण एक धागा ओळखीचा आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या जावा आणि येझदी आपल्या रस्त्यांवर धावल्या. त्याच जावाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या मूळ कंपनीत १९६४ साली दिविशोव गावची एसो ही स्पीडवेच्या गाड्या बनवणारी कंपनी विलीन झाली. पुढे अनेक विजेत्यांच्या हाती जावाच्याच गाड्या होत्या.

'पहिली शर्यत' कोणती?

चाहत्यांची लाडकी गोष्ट अशी: १९२३ साली ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या जत्रेत जॉनी हॉस्किन्स यांनी हा खेळ सुरू केला आणि १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीचला तो ब्रिटनमध्ये आला. पण मातीवर मोटरसायकली पळवण्याचे प्रकार त्याआधीही अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चालू होते. ब्रिटनमध्येही १९२७ साली कॅम्बर्ली आणि ड्रॉयल्स्डेन इथं शर्यती झाल्या होत्या. कॅम्बर्लीला ट्रॅक वाळूचा होता आणि गाड्या आजच्या उलट दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे धावल्या.

मग पहिली कोणती? हा वाद तारखेचा नाही, व्याख्येचा आहे. दिशा, ट्रॅकची माती, गर्दी यांतलं काय असलं म्हणजे 'स्पीडवे' म्हणायचं, यावर उत्तर बदलतं. हाय बीचला हजारो लोक लोटले आणि त्यानंतर देशभर ट्रॅक निघाले, म्हणून लोकांच्या मनात सुरुवात तिथं झाली. 'पहिला' हा शब्द प्रबंधात लिहिण्याआधी आपण कुठली व्याख्या धरली आहे ते लिहून टाका.

१९३६ ची अंतिम फेरी

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३६ साली वेम्बलीला झाली. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सननं त्या रात्री आपल्या पाचही शर्यती जिंकल्या आणि तरीही तो विजेता ठरला नाही! कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण धरले जात होते. विल्किन्सनचे १५ अधिक १० असे २५ झाले. लायोनेल व्हॅन प्राग याचे १४ अधिक १२ आणि एरिक लँग्टनचे १३ अधिक १३, म्हणजे दोघांचे २६. त्या दोघांत निर्णायक शर्यत झाली आणि व्हॅन प्राग जिंकला.

इथपर्यंत सगळं कागदावर तपासता येतं. पण चाहते आणखी एक गोष्ट सांगतात. दोघांनी आधीच ठरवलं होतं की पहिल्या वळणावर जो पुढे असेल त्याला जिंकू द्यायचं. लँग्टन पुढे होता, पण व्हॅन प्रागनं शब्द मोडून आतून गाडी घातली आणि नंतर मनाला लागलं म्हणून त्याला पैसे दिले. हे खरं की खोटं? गुप्त कराराची नोंद गुणपत्रिकेत मिळणार नाही. पण संशोधकासमोर दुसरे प्रश्न उभे राहतात. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी आणि किती वर्षांनी सांगितली? ती इतकी टिकली का? मला वाटतं, नियमानं झालेला निकाल लोकांना पटला नव्हता, ही गोष्ट तिच्या टिकण्यातून कळते. विल्किन्सन पुढे १९३८ साली विजेता झाला आणि १९४० साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यामुळे १९३६ ची हळहळ आणखी गडद झाली असणार.

सुवर्णकाळ आणि कुंपण

सुवर्णकाळ कुठला, हे सांगणाऱ्याच्या वयावर ठरतं. कुणासाठी तो युद्धानंतरची वर्षं, जेव्हा वेम्बलीच्या अंतिम फेरीला नव्वद हजारांच्या घरात माणसं जमायची. कुणासाठी ओव्हे फुंडिनच्या पाच आणि बॅरी ब्रिग्जच्या चार अजिंक्यपदांचा काळ. कुणासाठी सत्तरचं दशक, न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरचं. त्यानं १९६८ ते १९७९ दरम्यान सहा वेळा अजिंक्यपद मिळवलं. स्वीडनच्या टोनी रिकार्डसननंही नंतर सहा मिळवली, पण त्यांतली पाच मालिकेच्या काळातली. १९९४ पर्यंत एकाच रात्रीत विजेता ठरायचा आणि १९९५ पासून वर्षभराची ग्रां प्री मालिका सुरू झाली. त्यामुळे 'मॉगर थोर की रिकार्डसन' हा वाद मोजमापाचा राहत नाही.

आता पीटर क्रेव्हनकडे बघा. लिव्हरपूलचा हा लहानखुरा रायडर १९५५ आणि १९६२ साली जगज्जेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरोला पुढे पडलेल्या रायडरला चुकवताना तो कुंपणावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. वय अवघं २९. चाहते त्याची आठवण फार प्रेमानं काढतात, दुसऱ्याला वाचवताना गेला म्हणून. ते खरंच आहे. पण त्याच तोंडून "तेव्हाचे रायडर खरे धाडसी" असंही येतं. त्या काळी ट्रॅकभोवती फळ्यांची किंवा तारेच्या जाळीची कुंपणं असायची. हवा भरलेली कुंपणं फार नंतर आली. १९८९ साली तीन वेळचा जगज्जेता एरिक गुंडरसन ब्रॅडफर्डच्या अपघातातून कसाबसा वाचला, पण त्याची कारकीर्द तिथंच संपली. ज्याला आठवणीत धाडस म्हणतात, त्यातलं किती जण नाइलाजानं पत्करत होते हे विचारणं आपलं काम आहे.

आठवणीतून कोण गळतं?

आयर्लंडची फे टेलर १९२८-२९ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पुरुषांना हरवत होती. १९३० साली ब्रिटनमध्ये स्त्रियांना या खेळात बंदी झाली आणि ती मोटार शर्यतींकडे वळली. बऱ्याच आठवणींत ती येतच नाही. अलीकडे येते ती वीरांगना म्हणून, पण फॅसिस्ट विचारांमुळे दुसऱ्या महायुद्धात तिला स्थानबद्ध केलं होतं हे मागे राहतं. नाव विसरणं आणि अर्धंच आठवणं, दोन्ही तपासायला हवं.

पेननं भरलेली पुस्तिका

स्पीडवेच्या इतिहासाला एक मोठी सोय आहे. प्रेक्षक सामन्याच्या पुस्तिकेत प्रत्येक शर्यतीचे गुण स्वतःच पेननं भरत. कोण पडला, कुणाचं इंजिन बंद पडलं, हेही शेजारी लिहीत. म्हणजे चाहता हा आठवण सांगणारा असतो आणि नोंद ठेवणाराही. तीस वर्षांनी सांगितलेली गोष्ट त्याच माणसाच्या त्या रात्रीच्या हस्ताक्षराशी ताडून बघता येते. अशा पुस्तिका बहुतेक घरांच्या माळ्यावर आहेत. मालक गेला की त्या रद्दीत जातात. पन्नासच्या दशकात ट्रॅकच्या कडेला उभी असलेली मुलं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा वेळ थोडा आहे.

मग स्मरणरंजन काय सिद्ध करतं?

बेल व्ह्यूला शनिवार, वेम्बलीला गुरुवार, असे ठरलेले वार होते. धुरातला एरंडेलाचा वास आणि अंगावर उडणारी माती हे जवळजवळ प्रत्येक आठवणीत येतं. मँचेस्टरच्या हाईड रोडवरचा बेल व्ह्यूचा ट्रॅक १९८७ साली बंद झाला, कारण जागा विकली गेली. अनेक क्लब भाडेकरूच होते. मैदानाच्या मालकाला जमिनीची किंमत जास्त वाटली की खेळ संपायचा. म्हणून "पूर्वीचे रायडर थोर होते" या वाक्याचा वेगापेक्षा जास्त संबंध हरवलेल्या जागेशी आणि आठवड्यातल्या त्या संध्याकाळीशी आहे. वेगाबद्दल विचाराल तर ते कच्चा पुरावा आहे. शहरातल्या कामकरी माणसांच्या करमणुकीचं काय झालं असं विचाराल, तर याहून चांगला पुरावा क्वचित मिळेल.

तुमचा विषय कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या असो की बंद पडलेलं थिएटर, सुरुवात एकाच आठवणीपासून करा. ती सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका, पूर्ण ऐकून शब्दशः उतरवून घ्या. मग वहीत तीन रकाने पाडा: यातलं काय कागदावर तपासता येईल, काय कधीच तपासता येणार नाही, आणि कोणाचं नाव यायला हवं होतं पण आलं नाही. बहुतेक वेळा प्रबंधाचा प्रश्न तिसऱ्या रकान्यात सापडतो.