सारमेयविनोद : कल्याणीच्या दरबारापासून गंगापूर रोडच्या फ्लॅटपर्यंत

या मालेत राजे येऊन गेले, किल्ले येऊन गेले. आज कुत्रा. विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलंच, की बीगल पाळण्यात आणि त्याच्याशी खेळण्यात इतिहास कसला? म्हणून सुरुवात आमच्या घरापासूनच करतो.

आमच्याकडे एक बीगल आहे. नाव शेंग्या. एका रविवारी पहाटे त्याला घेऊन आम्ही सोमेश्वरच्या पुढे नदीकाठाला गेलो आणि मोकळं वातावरण बघून गळ्यातला पट्टा सोडला. दोन मिनिटं तो आमच्या आसपास होता. मग त्याचं नाक जमिनीला चिकटलं, शेपटी ताठ वर गेली आणि तो गवतात शिरला तो शिरलाच. आम्ही हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या, बिस्किटाचा पुडा चुरगाळून आवाज केला. काही उपयोग नाही. पाऊण तासाने स्वारी परत आली, अंगभर कुसळं आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान. आम्ही त्याला खूप रागावलो. घरी येऊन पुस्तकं उघडली तेव्हा कळलं, की रागवायला हवं होतं ते स्वतःवर.

आता जरा मागे जाऊ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १०८व्या सूक्तात, सरमा आणि पणी यांचा संवाद आहे. पणींनी गाई लपवून ठेवल्यात, इंद्राने सरमेला त्यांच्या शोधाला पाठवलंय, आणि ती रसा नदी ओलांडून नेमकी तिथे पोचते. पणी तिला आमिष दाखवतात, ती बधत नाही. परंपरेने या सरमेला देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री मानलं. तिची पोरं ती सारमेय. संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात ते त्यामुळे. म्हणजे आपल्याकडे कुत्र्याच्या कुळाची मूळ आई ही राखणदारीण नाही, हे लक्षात घ्या. ती माग काढणारी आहे, हरवलेलं शोधून देणारी.

हा शब्द पुढे एका फार मजेदार ठिकाणी भेटतो. कल्याणीचे चालुक्य तुम्हाला माहीत आहेत. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यात, आपल्या लातूर-सोलापूरपासून फार लांब नाही. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचंच दुसरं नाव. पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणं. राज्य कसं मिळवावं इथपासून स्वयंपाक, दागिने, संगीत इथपर्यंत सगळं त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. मराठी भाषेचे जुने नमुने शोधणारे लोकही या ग्रंथाकडे वळतात. त्यातला एक पूर्ण भाग विनोदांचा आहे. विनोद म्हणजे इथे हसणं नव्हे, करमणूक, खेळ. आणि त्यात एक प्रकरण आहे ‘सारमेयविनोद’. कुत्रे कुठल्या प्रदेशातले चांगले, त्यांची पारख कशी करायची, त्यांना शिकारीत कसं खेळवायचं, असा सगळा मामला.

‘डॉग स्पोर्ट’ला मराठीत काय म्हणायचं असं आम्हाला कुणीतरी विचारलं होतं. घ्या, नऊशे वर्षांपूर्वीचा तयार शब्द आहे.

पण त्याचं फार कौतुक करून घेण्याआधी शेजारची प्रकरणंही वाचावीत. तिथे कोंबड्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या झुंजी आहेत. राजाची करमणूक म्हणजे बहुतेक वेळा कुणाचं तरी रक्त. आमचं कौतुक शब्दापुरतं आणि निरीक्षणापुरतं आहे. आज प्राण्यांच्या झुंजी लावणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा.

तरीही त्या काळातल्या माणसाचं कुत्र्यावर प्रेम नव्हतं असं म्हणता येत नाही. मानसोल्लासाच्याही पावणेदोनशे वर्षं आधीचा, इसवी सन ९४९च्या सुमाराचा, अतकूरचा वीरगळ बघा. गाव आजच्या मंड्या जिल्ह्यात, लेख कन्नडमध्ये, काळ राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा. तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव झाला. तिथे पराक्रम करणाऱ्या मणलेर नावाच्या वीरावर त्याचा धनी, गंग राजा बूतुग, खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. मणलेराने मागितली काय, तर काळी नावाची राजाची शिकारी कुत्री! पुढे एका रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेले. मणलेराने देवळासमोर तिच्या नावाने दगड उभारला, जमीन लावून दिली, आणि पूजा केल्याशिवाय पुजाऱ्याने जेवायचं नाही असं कोरून ठेवलं. त्या दगडावर कुत्री आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले आहेत. बंगळुरूच्या संग्रहालयात तो आहे, गेलात तर जरूर बघा.

आता एक फरक नीट समजून घेऊ, कारण सगळं त्यावर आहे. शिकारी कुत्र्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक डोळ्यांवर धावणारा, दुसरा नाकावर चालणारा. दख्खनचं पठार उघडंबोडकं, लांबवर दिसणारं. इथे कमावला गेला तो कारवानी आणि त्याचा भाऊबंद मुधोळ. लांब पाय, खोल छाती, सडपातळ कंबर. ससा दिसला की सुटला, नजरेआड झाला की बहुतेक वेळा थांबला. २००५मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे.

बीगल दुसऱ्या प्रकारातला. तो इंग्लंडातल्या झाडाझुडपांत, कुंपणांत तयार झाला. तिथे ससा दिसत नाही, त्याचा वास तेवढा जमिनीवर राहतो. १८३०च्या दशकात एसेक्समधल्या फिलिप हनीवुड नावाच्या पाद्र्याने बीगलांचा एक कळप जोपासला. आजच्या बीगलचं मूळ साधारण तिथे धरतात. १८९०मध्ये तिकडे बीगल क्लब निघाला. कोल्ह्याच्या शिकारीला घोडा लागतो, म्हणजे पैसा लागतो. बीगलच्या मागे माणसं पायी जायची. वास हरवला तर थांबायचं, सापडला तर पुन्हा चालायचं. कुत्रा लांब हेल काढून ओरडायचा, म्हणजे मागच्या माणसांना कळायचं की माग लागला. तुमच्या सोसायटीत ज्या ओरडण्यावरून सेक्रेटरी तक्रार करतात ना, ते ओरडणं माणसानेच निवडून निवडून पैदा केलेलं आहे. आणि बोलावल्यावर परत न येणं हेही. कळपातल्या कुत्र्याने माग सोडून मालकाकडे बघत बसावं अशी कुणाची इच्छाच नव्हती.

इंग्रज इथे आले तेव्हा शिकारीचा शौक बरोबर घेऊन आले. उटीचा हंट प्रसिद्धच आहे, मुंबईत आणि पुणे-खडकीलाही विलायती हाउंड होते. इकडे त्यांच्या नेहमीच्या कोल्ह्याऐवजी आपला कोल्हा, म्हणजे जॅकल. पण छावणीतल्या तरुण अधिकाऱ्यांना असा जातिवंत कळप कुठला परवडायला? ते मिळतील ती कुत्री गोळा करायचे, कुठल्याही जातीची नाहीतर बिनजातीची. अशा कळपाला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणायचे. ‘बॉबरी’ म्हणजे गोंगाट, आणि हा शब्द ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाच्या मते आपल्या ‘बाप रे’वरून आला! आपल्या देवळालीच्या छावणीनेही इंग्रजीला एक शब्द दिलाय, ‘डूलॅली’. बोटीची वाट बघून कंटाळलेल्या सोल्जरांचं डोकं फिरायचं, त्यावरून. छावणीतला कंटाळा काय करायला लावेल सांगता येत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार बंद झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी सशाची शिकार करण्यावर २००४च्या कायद्याने बंदी आली. दोन्ही निर्णय योग्यच. प्रश्न उरतो तो कुत्र्याचा. काम गेलं, पण नाक कुठे गेलं? ते तर तसंच आहे.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९५०च्या दशकात एक चाचणी केली. एक एकराच्या शेतात एक उंदीर सोडला आणि कुत्र्यांना शोधायला लावलं. बीगलांना तो एका मिनिटाच्या आत सापडला. फॉक्स टेरिअरना पंधरा मिनिटं लागली, स्कॉटिश टेरिअरना सापडलाच नाही. १९८४मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगायला बीगल नेमले गेले. लहान, गोड दिसणारा, लोक घाबरत नाहीत, आणि खाण्याच्या लोभाने दिवसभर काम करतो. मुलाकडे जाताना बॅगेत हापूस लपवून नेणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. याच गरीब स्वभावामुळे बीगल औषधांच्या प्रयोगशाळांतही सर्वांत जास्त वापरला गेला, हीही गोष्ट सांगितली पाहिजे.

आणि आता तो नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. लांब कान आणि काजळ घातल्यासारखे डोळे बघून लोक पिल्लू आणतात. वर्षभरात सोफा फाटतो, शेजारी वैतागतात, आणि ‘हट्टी आहे, ऐकत नाही’ म्हणून त्याला देऊन टाकायची भाषा सुरू होते. अशी दोन घरं आमच्या ओळखीत आहेत. कुत्रा हट्टी नाही हो, बेकार आहे.

त्याला काम द्यायला मैदान लागत नाही. १९७८मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या अडथळ्यांवरून सुचलेला अजिलिटीचा खेळ दाखवला, तो जगभर गेला. उड्या, बोगदे, झुलती फळी. छानच आहे, बीगल तो खेळतो. फक्त मध्येच एखादा वास आला की घड्याळ चालू ठेवून उभा राहतो. आमच्या मते त्याचा खरा खेळ नाकाचाच. आम्ही रिकामे खोके घेतो, सहा-सात. एकात भाकरीचा तुकडा किंवा उकडलेलं चिकन. ‘शोध’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. पहिल्या दिवशी सगळे खोके उघडे, समोरच. मग झाकण लावायचं, मग दुसऱ्या खोलीत, मग माळ्याखाली. त्याला मदत करायचा मोह आवरायचा, हे सगळ्यात अवघड. दहा मिनिटांत तो असा दमतो की अर्धा तास चालूनही तसा दमत नाही. पावसाळ्यात बाहेर जाता येत नाही तेव्हा तर हाच आधार. पहाटे दव असताना बाहेर मागाचा खेळ होतो: एकाने पुढे जाऊन लपायचं, दुसऱ्याने लांब दोरीवर कुत्रा घेऊन मागे यायचं. दोरी पाच-सात मीटरची, आणि ती हातातून सोडायची नाही. ऊस, मळे, नदीकाठची झाडी आणि त्यातला बिबट्या हे नाशिककरांना सांगायला नको. उन्हाळ्यात डांबराला आधी आपला तळहात लावून बघायचा.

आणखी एक, खास आपल्या गावासाठी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला देऊ नका. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा नेम नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत. चुकून खाल्लेच तर वाट न बघता डॉक्टर गाठा. द्राक्षांच्या हंगामात आम्ही बागांच्या कडेने फिरायचंच टाळतो, खाली पडलेला मणी आपल्याला दिसायच्या आधी त्याला सापडलेला असतो.

परवा शेंग्याला गोणपाटाच्या घड्या घालून त्यात खाऊ लपवून दिला होता. तो सापडला, खाल्ला, आणि मग साहेब कपाटापाशी जाऊन ओरडायला लागले. आम्ही म्हटलं, आता काय? कपाटामागे आईचा चष्मा पडला होता, चार दिवस सगळं घर तो शोधत होतं. चष्म्याच्या घरात बडीशेप असते तिची.

बराच वेळ घेतला तुमचा. आता प्रश्न घेऊ. मागे त्या ताई हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरू करू.