परांचीवरचा माणूस आणि कायदा

मंडळी, जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ मध्ये पुरं झालं. त्या काळात कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ चा कायदा होता, खाणकामगारासाठी १९५२ चा. बांधकाम मजुराच्या सुरक्षेसाठी मात्र स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. १९२३ चा भरपाईचा कायदा होता, पण तो माणूस पडल्यावर जागा होणारा. माणूस पडूच नये, ही जबाबदारी कुणाची?

त्याचं उत्तर यायला १९९६ साल उजाडलं. बांधकाम कामगार कायदा आला. परांची, शिडी, खोदकाम, हेल्मेट यांचे नियम आले. महाराष्ट्राने आपले नियम २००७ मध्ये केले.

पण मेख बघा. दहापेक्षा कमी मजूर असतील, किंवा स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम असेल, तर तो कायदा लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यातही दहा मजुरांची अट आहेच, आणि घराची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. म्हणजे परभणीच्या गल्लीतला गवंडी आणि त्याचे चार बिगारी बाहेरच. उंची मात्र तीच!

माझं घर बांधलं तेव्हा पाच माणसं होती. परांचीवर चढणाऱ्याला दोर आहे का, हे मी, वर्गात नीतिशास्त्र शिकवणाऱ्याने, एकदाही विचारलं नाही. कायद्याने विचारलं नव्हतं ना! तुमच्याकडे स्लॅब टाकतील, तेव्हा तुम्ही तेवढं विचारा.