कोपरामागची दोरी

डोळे चोळू नका! बल्लारशाहच्या फलाटावर ते करायचं नसतं. इंजिनाच्या कोळशाची भुकटी आत गेली की दिवसभर पाणी. 1952चा उन्हाळा आहे. सागाच्या ओंडक्यांचा उग्र वास, वाळल्या मोहफुलांच्या पोत्यांचा गोड-आंबूस दर्प, मानेवरून ओघळणारा घाम. घुसा पॅसेंजरमध्ये. लोक दारात लोंबकळताहेत, पण कोपऱ्यातल्या एका माणसाशेजारचं अख्खं बाक मोकळं. बसा की.

"इथं बसता जी?" तो दचकतो. "मले रगतपिती हाय."

रगतपिती म्हणजे कुष्ठरोग. तरी बसाच. बहुतेकांचं शरीर त्याच्या जंतूला थारा देत नाही. कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या बाबा आमट्यांनी तर कलकत्त्याला प्रयोगासाठी हे जंतू टोचून घेतले, काही झालं नाही.

चांदा, भांदक, माजरी, वरोरा. उतरा त्याच्याबरोबर. गावाबाहेर तापलेला खडकाळ माळ, झुडपं, विंचू. हे आनंदवन. बाबा आणि त्यांच्या पत्नी साधनाताईंनी गेल्याच वर्षी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्यावर मांडलेला संसार.

आता त्याचा हात धरा. बोटं आकसून वळलीत. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागे चाचपा. लागली दोरी? ती नस. तुमचं कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती हीच, फक्त एवढी जाड नाही. जंतू तिच्या आवरणाच्या पेशींत बिऱ्हाड करतो, वर्षानुवर्षं गुपचूप. मग कधीतरी शरीराच्या पहारेकऱ्यांना सुगावा लागतो आणि ते तिथे तुटून पडतात. नस सुजते, वेष्टण मात्र सैल होत नाही. आतले धागे चेंगरतात. जंतूने केली नसेल एवढी नासधूस घरच्या पहाऱ्याने केली! डॅप्सोनच्या गोळ्या जंतूची वाढ रोखतात, पण हे भांडण मिटवत नाहीत. कधी कधी तर औषध चालू असतानाच नस भडकते, आणि माणूस म्हणतो, गोळीनंच केलं. तुमच्या काळात अशा वेळी स्टेरॉइड देतात. हे इथे कुणाला सांगत बसू नका.

तुम्ही नसेचा विचार करताय तोवर त्याने चुलीवरचं भगुणं उघड्या हातांनी उतरवलंसुद्धा. करपल्या कातडीचा वास तुम्हाला येतो. त्याचा चेहरा निवांत.

चहा ओततो. जर्मनचा पेला तुमच्यापुढे सरकवतो. "भाऊ, गरम हाय का, पाहा बरं."

तुम्ही बोट लावता आणि "आई गं!" म्हणून मागे घेता.

"मंग थांबतो थोडा," तो म्हणतो.