डोंगराच्या अंगावरची वस्त्रं

जंगल म्हटलं की आपल्याला सरपण आठवतं, शेळ्यांचा पाला आठवतो आणि उन्हाळ्यात आटत चाललेला झरा आठवतो. जंगल आणि पाण्याचं नातं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हेच नातं सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला लेखी कळवणारा एक अधिकारी अमेरिकेत होऊन गेला. आज त्याची गोष्ट ऐका.

त्यांचं नाव चार्ल्स यंग. जन्म १८६४ चा, केंटकी राज्यातला. आईवडील काळ्या वर्णाचे गुलाम, म्हणून पोरही जन्मतःच गुलाम. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, अमेरिकेत कायद्यानं गुलामगिरी संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, ते याच मुक्तीच्या कामासाठी. तेव्हा चार्ल्स नऊ वर्षांचा होता. त्याच्या आईला, आर्मिंटाला, लिहिता-वाचता येत होतं. गुलामाच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट! पोरगा शिकला. १८८९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून अधिकारी होऊन बाहेर पडला. त्याच्याआधी काळ्या वर्णाचे फक्त दोघेच तिथून उत्तीर्ण झाले होते.

त्या काळी अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची राखण लष्कराकडे असायची. १९०३ च्या उन्हाळ्यात कॅप्टन यंग यांना कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया राष्ट्रीय उद्यानाचं अधीक्षक नेमलं. राष्ट्रीय उद्यानाचे ते पहिले काळे अधीक्षक. सेक्वोया हे तिथल्या प्रचंड झाडांचं नाव. त्यांतलं सर्वांत मोठं झाड सुमारे ८४ मीटर उंच, म्हणजे पंचवीस मजली इमारतीहून जास्त. वय दोन हजार वर्षांच्या पुढे.

उद्यान होऊन तेरा वर्षं झाली होती, पण त्या झाडांपर्यंत गाडीरस्ता नव्हता. काम रखडत चाललेलं. यंग आणि त्यांच्या काळ्या घोडदळानं आधीच्या तीन उन्हाळ्यांत मिळून झालं होतं त्याहून जास्त काम एका उन्हाळ्यात उरकलं. ऑगस्टमध्ये पहिल्या घोडागाड्या झाडांखाली पोचल्या. लोकांनी जंगल डोळ्यांनी पाहिलं, तर ते जपतील, हा त्यामागचा विचार. उद्यानाच्या आत खासगी मालकांच्या जमिनी होत्या. त्या सरकारनं विकत घ्याव्यात, म्हणून यंग यांनी मालकांशी बोलून त्यांची तयारीही मिळवली.

हंगाम संपल्यावर त्यांनी सरकारला अहवाल पाठवला. त्यात मुद्दा असा होता: हे डोंगर झाडं, झुडपं, खडक, वेली या वस्त्रांसकट आहेत तसेच राहिले पाहिजेत; कारण खालच्या खोऱ्यातल्या शेतीचं आणि घरांचं पाणी हेच डोंगर साठवून ठेवतात. त्यांनी झाडांची शोभा पाहिली होती, आणि खाली राहणाऱ्यांची तहानही ओळखली होती. डोंगर उघडा पडला की खालचं गाव कोरडं पडतं, हे आपल्या बायकांना हंड्याच्या वजनावरून कळतं. त्यांनी ते सरकारी कागदावर आणलं.

लोक खूश होते. एका झाडाला यंग यांचं नाव द्यायचं ठरलं. यंग यांनी नको म्हटलं. आणखी वीस वर्षांनीही तुम्हाला असंच वाटलं, तर बघू, म्हणाले. त्याऐवजी त्यांनी सुचवलं, बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव द्या. हेही गुलामीत जन्मलेले, आणि काळ्या मुलामुलींसाठी शाळा उभारणारे.

ती वीस वर्षं पुरी झालीच नाहीत. पहिल्या महायुद्धात काळा माणूस सेनापती होऊ नये, असं अनेकांना वाटत होतं. १९१७ मध्ये तब्येतीचं कारण देऊन यंग यांना निवृत्त केलं गेलं. चौपन्न वर्षांचा हा गडी ओहायोतून घोड्यावर बसला आणि सोळा दिवसांत सुमारे ८०० किलोमीटर कापून राजधानीत हजर झाला. मी धडधाकट आहे, हे दाखवायला! तरी त्यांना परत घेतलं ते युद्ध संपायला जेमतेम काही दिवस उरले असताना. जानेवारी १९२२ मध्ये आफ्रिकेत नोकरीवर असतानाच ते वारले.

वीस वर्षांची मुदत उलटूनही कित्येक दशकं गेली. अखेर २००४ मध्ये सेक्वोयाच्या रानातल्या एका झाडाला कर्नल यंग यांचं नाव मिळालं. सेनापतीची पदवी मिळाली २०२२ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर.

मैत्रिणींनो, आपल्या गावाची देवराई कुणी राखली, डोंगरावरचं रान कुणाच्या शब्दामुळे तुटायचं वाचलं, हे म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतं. पुढच्या बैठकीत त्यांना विचारा. त्या सांगतील ती नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा. शंभर वर्षं थांबू नका.