खळगा आणि फिकेपणा : तीव्र काचबिंदूतील दृक्‌तंत्रिकेच्या ज्ञानाचा इतिहास

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोपचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाच्या नेत्रगोलाचे अंतरंग वैद्यकास प्रथमच उघड झाले. दृक्‌तंत्रिका जेथे नेत्रगोलास मिळते ते वर्तुळाकार बिंब आता प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. तथापि, पाहणे आणि ओळखणे या दोन भिन्न गोष्टी होत, याचा प्रत्यय लवकरच आला. बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी १८५४ मध्ये काचबिंदूतील बिंब फुगून वर आलेले असते असे नमूद केले. एकाच डोळ्याने पाहताना खोली व उंची यांचा भ्रम होतो, त्याचाच हा परिणाम होता. हाइन्रिख म्यूलर यांच्या शारीर परीक्षणांनी तेथे उंचवटा नसून खळगा असल्याचे सिद्ध झाले व ग्रेफ यांनी आपले मत बदलले. तेव्हापासून खोल गेलेला खळगा हे काचबिंदूचे प्रमुख लक्षण ठरले.

ग्रेफ यांनी १८५७ मध्ये परितारिकेचा अंश कापून काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिचे खरे यश दिसले ते तीव्र प्रकारात. परंतु याच प्रकारात बिंबाचे निरीक्षण सर्वांत दुष्कर होते, कारण झटक्याच्या वेळी स्वच्छमंडल धूसर होते आणि आतले काहीच स्पष्ट दिसत नाही. परिणामी खळग्याचे शास्त्र मुख्यतः मंद गतीच्या काचबिंदूवर उभे राहिले आणि तेच तीव्र प्रकारालाही लावले गेले.

हे दोन विकार मुळात वेगळे, हे स्पष्ट होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ऑटो बार्कन यांनी १९३८ मध्ये स्वच्छमंडल व परितारिका यांमधील कोनाच्या निरीक्षणावरून अरुंद कोनाचा व खुल्या कोनाचा काचबिंदू असा भेद केला. तीव्र झटक्यात हा कोन अकस्मात बंद होतो, नेत्रजलाचा निचरा थांबतो आणि एरवी १० ते २१ मिलिमीटर पारा असणारा नेत्रदाब ४० च्याही वर जातो. हा दाब तंत्रिकेचे काय करतो, याचा एक धागा अँडरसन व हेन्ड्रिक्सन यांच्या १९७४ मधील माकडांवरील प्रयोगांनी दिला. तंतूंमधून अखंड वाहणारी द्रव्ये बिंबाच्या चाळणीसारख्या पडद्यापाशी अडतात, असे त्यांत दिसून आले. तंतू तेथे फुगतात, म्हणून झटक्यानंतर प्रारंभी बिंब सुजलेले दिसू शकते. ग्रेफ यांनी चुकीच्या ठिकाणी पाहिलेला उंचवटा येथे काही काळ वास्तव असतो, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

डग्लस, ड्रान्स व शुल्झर यांनी १९७५ मध्ये तीव्र व जीर्ण अशा दोन्ही प्रकारांची तुलना प्रसिद्ध केली. जीर्ण प्रकारात बिंब फिकेही होते व खोलही जाते. तीव्र झटक्यानंतर मात्र ते फिके पडूनही त्यात खळगा आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९१ नंतर प्रचारात आलेल्या प्रकाशीय छेदचित्रणाने जालपटलावरील तंतुस्तराची जाडी मोजता येऊ लागली. हा स्तर आधी जाड होतो व पुढील काही आठवड्यांत पातळ होत जातो, असे त्यातून दिसले. काही मोजमापांत खळगाही वाढल्याचे आढळले असल्याने हा भेद निरपवाद मानता येत नाही.

या इतिहासाचे महत्त्व केवळ पुराणवस्तूचे नाही. झटका ओसरून दाब उतरल्यावर काही महिन्यांनी रोगी आला आणि वैद्याने केवळ खळगाच शोधला, तर फिक्या बिंबाचे कारण अन्यत्र शोधले जाईल व दुसरा डोळा असुरक्षित राहील. त्या दुसऱ्या डोळ्यास, उपचार न झाल्यास, पाच वर्षांत सुमारे निम्म्या रोग्यांमध्ये असाच झटका येतो. परितारिकेस लेसरने छिद्र पाडून तो बहुतेक वेळा टाळता येतो. एका शतकाने शिकविलेले लक्षण पुढच्या शतकात दृष्टीच्या आड येऊ शकते, हाच या प्रकरणाचा बोध होय.