‘ड’ तुकडीतले ग्रॅहम टेलर



इतिहासाच्या तासाला बाई नेहमी बजावायच्या, की ‘कारणे द्या’ या प्रश्नाला एकच कारण लिहून थांबू नका. स्मरणिकेसाठी लिहिताना तो नियम पाळते आहे. विषय मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा आहे : इंग्लंडमधला एक फुटबॉलपटू, आयुष्यभर बचावाच्या जागी खेळलेला आणि पुढे खालच्या श्रेणीतल्या संघांचा मॅनेजर झालेला. नाव ग्रॅहम टेलर.

कंपनीच्या कामासाठी मी वर्षभर लंडनजवळच्या वॉटफर्ड या गावात राहिले. फुटबॉलमधलं मला तेव्हा फारसं काही कळत नव्हतं. पण टेलर यांचं नाव तिथले लोक घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं घ्यायचे. वॉटफर्डबाहेर मात्र त्याच माणसाची टिंगल ऐकू यायची. एकाच माणसाबद्दल अशी दोन टोकाची मतं का? कारणे द्या.

टेलर यांचा जन्म १९४४ चा. बालपण स्कन्थॉर्प या पोलादाच्या गावात गेलं. वडील तिथल्या वर्तमानपत्रात क्रीडा वार्ताहर. हुशार मुलांच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी शिक्षण अर्धवट सोडलं आणि फुटबॉल धरला. ग्रिम्सबी टाउन आणि लिंकन सिटी या दोन छोट्या क्लबांकडून ते फुलबॅक म्हणून लीगचे तीनशेहून अधिक सामने खेळले. या सगळ्यात त्यांचे गोल तीन. बचावपटूचा हिशेब असाच असतो. त्याने अडवलेला गोल कुठल्याच धावफलकावर दिसत नाही. आमच्या धंद्यात याची चांगली ओळख आहे. सिस्टीम बंद पडली की दहा फोन येतात. वर्षभर नीट चालली म्हणून एकही येत नाही.

१९७२ मध्ये कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने त्यांचा खेळ थांबला. त्याच वर्षी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते लिंकनचे मॅनेजर झाले. तेव्हा इंग्लंडच्या लीगमध्ये चार श्रेणी होत्या. आपल्या अ, ब, क, ड तुकड्यांसारख्याच म्हणा ना. पहिले येणारे संघ वरच्या तुकडीत जायचे, तळाचे खाली घसरायचे. लिंकन होतं ‘ड’ तुकडीत. १९७५-७६ च्या हंगामात टेलर यांच्या या संघाने ४६ पैकी ३२ सामने जिंकले, फक्त ४ हरले आणि १११ गोल केले. विजयाला दोन गुण मिळत त्या काळात त्यांचे ७४ गुण हा लीगचा विक्रम ठरला.

१९७७ मध्ये गायक एल्टन जॉन यांनी त्यांना वॉटफर्डला आणलं. एल्टन क्लबचे अध्यक्ष होते आणि क्लब पुन्हा ‘ड’ तुकडीतलाच. १९७८ ला ‘क’, १९७९ ला ‘ब’, १९८२ ला ‘अ’ आणि १९८३ ला ‘अ’ तुकडीत लिव्हरपूलच्या मागोमाग दुसरा नंबर! १९८४ मध्ये संघ एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तिथे एव्हर्टनकडून हरला.

हे कसं जमलं? नुसता पैसा हे कारण पुरत नाही. जॉन बार्न्ससारखा पुढे नावाजलेला खेळाडू त्यांनी एका हौशी क्लबकडून आणला. त्याचा मोबदला म्हणे खेळाच्या कपड्यांचा एक संच! खेळाडूंनी गावातल्या लोकांत मिसळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मैदानावर मारामाऱ्या होत त्या काळात त्यांनी मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी जागा केली. दारूच्या आहारी गेलेल्या एल्टनना, म्हणजे स्वतःच्या अध्यक्षांना, तोंडावर सुनवायलाही ते कचरले नाहीत. लांब पास देऊन थेट गोलकडे धावणारा त्यांचा खेळ जाणकारांना ओबडधोबड वाटे. गावाला तो आपला वाटे.

पुढे अ‍ॅस्टन व्हिलालाही वर आणल्यावर १९९० मध्ये त्यांना देशाच्या संघाचं मॅनेजरपद मिळालं. याहून मोठी खुर्ची इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये नाही. तिथेच घात झाला. १९९२ च्या युरो स्पर्धेत स्वीडनकडून हार झाली आणि एका खपाच्या वर्तमानपत्राने त्यांच्या चेहऱ्याच्या जागी सलगम छापलं. १९९३ मध्ये विश्वचषकाची पात्रता हुकली, त्यांनी राजीनामा दिला.

इथेही कारणं अनेक होती. क्लबमध्ये तीच मुलं रोज हाताखाली असतात, महिनोन्‌महिने घडवता येतात. देशाच्या संघाला मिळतात मोजके दिवस. त्यात गॅस्कॉइन आणि शिअरर दुखापतींनी बराच काळ बाहेर होते. लिनेकरला महत्त्वाच्या सामन्यात बाहेर बसवण्यासारखे काही निर्णय टेलर यांचे स्वतःचेही होते. त्या काळावर टीव्हीसाठी माहितीपट निघाला. त्यातली त्यांची वाक्यं लोकांनी विनोद म्हणून पाठ केली. पण प्रेक्षकांतला एक जण बार्न्सला त्याच्या रंगावरून शिव्या देत होता, तेव्हा सामना चालू असताना मागे वळून टेलर यांनी त्याला खडसावलं. तेही त्याच माहितीपटात आहे. ते फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

१९९६ मध्ये ते वॉटफर्डला परतले. संघ तेव्हा पुन्हा घसरणीला लागला होता. १९९८ आणि १९९९ अशा लागोपाठ दोन वर्षांत त्यांनी त्याला दोन पायऱ्या चढवून प्रीमियर लीगमध्ये नेलं. ज्या पदावर देशाने त्यांना हसून घालवलं, त्यानंतरचं हे काम. जानेवारी २०१७ मध्ये ते वारले. वॉटफर्डच्या मैदानात आज त्यांच्या नावाची प्रेक्षागॅलरी आहे आणि बाहेर त्यांचा पुतळा.

टेलर यांचं सगळ्यात मोठं पद तीन वर्षांचं होतं. सगळ्यात चांगलं काम मात्र लिंकन आणि वॉटफर्डमध्ये झालं. केवळ हुद्द्यावरून त्यांचा इतिहास लिहिला, तर निम्मी पानं कोरी राहतील.

हे आत्ता आठवायला कारण आहे. स्मरणिकेसाठी आलेल्या माहितीच्या अर्जांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. ‘सध्याचा हुद्दा’ हा रकाना आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कोरा सोडला आहे. काहींनी अर्जच पाठवला नाही. एकीने फोनवर सांगितलं, “माझं काय लिहिणार? सासूबाईंचं आजारपण काढलं, दोन पोरं मोठी केली.” तिला मी म्हटलं, “अगं, तेच लिही.” गोल अडवणाऱ्यांची नोंद धावफलकावर नसते, म्हणून ती आपण आपल्या पुस्तकात करायची. संपादकांना सांगून तो रकाना मी बदलून घेतला आहे. आता तिथे छापलंय : ‘आतापर्यंत काय सांभाळलं?’ छपाईला अजून पंधरा दिवस आहेत. उरलेल्यांनी अर्ज पाठवा.